मिस्टर नीज

निजसुरे हे नाव हडर्सफील्डच्या नर्सला झेपलं नाही.
अर्ध्यात सोडून म्हणाली,
गुड मॉर्निंग, मिस्टर नीज.
दोन वर्षं ज्याला सलग दोन तास नीज नव्हती
त्याला.

त्याआधी डॉक्टरनं विचारलं होतं,
रात्री किती वेळा उठता?
मी म्हणालो, दोनदा. फार तर तीनदा.
शालननं पर्समधून कॅलेंडरचं पान काढलं.
त्यावर दुधाच्या खाड्यांसारख्या पेन्सिलीच्या रेघा.
सोमवारी पाच. मंगळवारी सहा.
बुधवारी माझाच डोळा लागला,
बुधवार धरू नका.

मला वाटायचं, मी चोरपावलांनी जातो.

तीस वर्षं या गावाला मी पाणी पाजलं.
डोंगरावरच्या तलावाचे व्हॉल्व्ह माझ्या हाताखाली,
बर्फात, नाताळच्या पहाटेसुद्धा.
पाइपाला कान लावून सांगायचो कुठे अडलंय.
आणि घरी संडासात उभा राहून
भिंतीवरच्या फरश्या मोजायचो. बेचाळीस.
पुन्हा बेचाळीस.
मग एक थेंब,
मग उपकार केल्यासारखा दुसरा.

मिस हॅल्स्टेडनं कागदावर चित्र काढलं.
(इथे सर्जन झालं की डॉक्टर ही पदवी
दाराशी काढून ठेवतात, चपलांसारखी.)
प्रोस्टेट अक्रोडाएवढी असते, तुमची संत्र्याएवढी.
वाटेनंच आत शिरू, तापलेल्या तारेनं तासू,
बाहेर एक टाका पडायचा नाही.
संत्रं नागपुरी की इकडचं,
विचारावंसं वाटलं. राहिलं.

पाठीत एक सुई, आणि कमरेखालचा मी
दुसऱ्या कुणाचा तरी झालो.
पडद्यावर गुलाबी गुहा,
वाहत्या पाण्यात भिरभिरणारे कपचे.
बघायचंय? भूलवाल्यानं विचारलं.
नको म्हणालो, आणि बघत राहिलो.

पिशवीत उतरलं ते कोकमाच्या आगळासारखं.
उद्या रोझे होईल, नर्स म्हणाली.
रोझे मी जन्मात प्यालो नाही.
माझं आपलं चाललेलं मनात:
आगळ, मग सरबत,
मग पाहुणे वाढल्यावर होतं तसं सरबत.

समोर आर्नल्ड सायक्स, गिरणीतला रंगारी.
जन्मभर लोकरीला रंग दिला,
रंगानं त्याच्या मूत्राशयात बिऱ्हाड केलं.
दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण जाते,
गाठ दिसली की खरवडतात.
कुंपण छाटल्यासारखं सांगतो तो हे,
आणि मग बराच वेळ चहा ढवळतो.
शेजारी यूसफ, टॅक्सीवाला.
गिऱ्हाईक सुटू नये म्हणून पाणीच पीत नसे.
लेझरनं फोडलेल्या मुतखड्याचा चुरा
डबीत ठेवलाय त्यानं, अंगाऱ्यासारखा.
नर्सला दाखवतो, मला दाखवतो,
झाडणाऱ्या बाईलाही.

तिसऱ्या दिवशी सहाला नळी काढली.
आता प्या, आणि लागली की सांगा.
जग संपला. दुसरा जग.
खिडकीबाहेर डोंगर, डोंगरामागे माझा तलाव,
काठोकाठ असणार या दिवसांत.

आणि लागली.
इंग्रजी सगळं पळालं.
एकाहत्तराव्या वर्षी मी करंगळी वर केली,
गुरुजींना दाखवायचो तशी.

बोट दुखतंय का, मिस्टर नीज?

पुठ्ठ्याच्या बाटलीत आधी भाजलं, मग आवाज झाला.
पडद्याआड तीन म्हातारे गप्प.
दोनशे ऐंशी, तिनं वहीत लिहिलं.
आर्नल्डनं कप उचलला.

घरी चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला
शालन दचकून जागी झाली,
मी उठलो नव्हतो म्हणून.
तिचं बोट माझ्या नाकाशी आलं,
थांबलं.
मी डोळे मिटूनच राहिलो.
जरा जोरात श्वास सोडला,
तिला पुरेल एवढा.